तीन दुकानांतला भाव

“तू गाडीपाशीच थांब. मी नुसता भाव बघून येते,” असं म्हणून सासूबाई संपदा बझारच्या काचेच्या दारातून आत गेल्या. बराच वेळ झाला तरी त्यांचा पत्ता नाही.

मी स्कूटीला टेकून उभी होते. मार्च लागला होता. सांगलीत मार्चमध्ये मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात आणि वारा तिकडून सुटला की अख्ख्या गावाला हळदीचा वास मारतो. मी इचलकरंजीची, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो वास आला की मला अजून शिंका यायच्या. शिंकत शिंकत मी काचेतून आत बघत होते. तेलाच्या डब्यांची रास, तिच्याशेजारी साबणाची, आणि साबणाच्या पलीकडे नवीन मांडलेली पुस्तकांची रास. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. चष्मा नाकावर, पिशवी काखेत, मान खाली.

किराणा दुकानात पुस्तक कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ते लिहिणारी बाई साधी नव्हती. रोज संध्याकाळी साडेआठला जी मालिका घराघरांत लागायची, तिच्यातली ती थोरली सून. शलाका म्हणून तिला सगळा महाराष्ट्र ओळखायचा. तिनं पहिलीच कादंबरी लिहिली होती, मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता, आणि जी बाई पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढत नाही ती डाळ-तांदूळ घेताना उचलेल, असा हिशेब करून ती साबणाशेजारी लावली होती. हिशेब बरोबर होता. बायका पटापट उचलत होत्या.

तिचं खरं नाव त्रिशला. त्रिशला जिनदत्त मगदूम. माझी नणंद.

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, एकच मुलगा आहे, बाकी कोणी नाही. लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं, सन्मतीनं, एकदा हळूच सांगितलं की मालिकेतली ती बाई त्याची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी निपाणीच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुड्याचे पेढेसुद्धा वाटून झाले होते, आणि ही पोरगी मुंबईला निघून गेली. माझे सासरे, आण्णा, यार्डातले जुने अडते. यार्डात शब्दाला किंमत, आणि त्यांचा शब्द पोरीनं पाण्यात घातला. तेव्हापासून त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की त्या पोरीच्या नावानं या घरातला एक पैसाही बाहेर जायचा नाही. तिचं नाव तर निघायचंच नाही. टीव्हीवर तिची मालिका लागली की आण्णा उठून बटण फिरवायचे. मग सासूबाई वाटी घेऊन शेजारच्या नांद्रेकाकूंकडे विरजण मागायला जायच्या. रोज, साडेआठला. आमच्या घरी विरजण कधी टिकलंच नाही.

आठवड्यापूर्वी रविवारच्या पुरवणीत तिची मुलाखत आली होती. सासूबाईंनी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दोनदा वाचली. मग मला बोलावून एका ओळीवर बोट ठेवलं. ‘कादंबरीतली मुलगी म्हणजे मी नव्हे, पण त्यातलं घर मात्र माझंच आहे,’ असं शलाकाबाई म्हणाल्या होत्या.

“घर माझंच म्हणती,” सासूबाई म्हणाल्या. “घर आहे म्हटल्यावर घरात मी असणारच की.”

“असणारच,” मी म्हटलं.

“कशी असेन, सुवर्णा? एवढं बघायचंय मला. काय लिहिलंय माझ्याबद्दल. शिव्या दिल्या असतील तरी चालेल.”

मी म्हटलं, मग घेऊन या पुस्तक, मी आणते हवं तर, आण्णांना कुठं कळतंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत भांडी विसळायला लागले. आण्णांचा शब्द त्या माघारीसुद्धा मोडत नसत. नांद्रेकाकूंच्या टीव्हीला पैसे पडत नव्हते, म्हणून तो चालत होता. पुस्तकाला पैसे पडणार. एक पैसाही म्हणजे एक पैसाही.

पण त्याच आण्णांचा घरात दुसराही एक नियम होता आणि तो पहिल्याहून जुना. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणी भाव काढल्याशिवाय घ्यायची नाही. यार्डातली सवय. सुईदोरा असो नाहीतर सोनं, तीन ठिकाणी विचारायचं. दर शनिवारी मी आणि सासूबाई स्कूटीवरून तीन दुकानं पालथी घालायचो, तूरडाळीचे चार रुपये वाचवायला सहा रुपयांचं पेट्रोल जाळायचो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण माझ्या जिभेवर यायची, पण जैनाच्या घरात कोंबडीचं नाव काढायची सोय नाही, म्हणून मी ती गिळायचे. तर त्या शनिवारी सासूबाईंना वाट सापडली होती. घ्यायला बंदी होती, भाव काढायला नव्हती. भाव काढायचा तर वस्तू हातात घ्यावी लागते, उलटीपालटी करून बघावी लागते. तांदूळसुद्धा आपण दाताखाली धरून बघतो की.

शेवटी त्या बाहेर आल्या. पिशवी रिकामीच.

“किती?” मी विचारलं.

“दोनशे सत्तर. छापलेत तीनशे.”

“आणि वाचलं का?”

“बघितलं थोडं. चल, भांडारात बघू.”

चेहऱ्यावर काही नाही. माझ्या सासूबाईंचा चेहराच तसा, दुधाचं भांडं उतू गेलं तरी बदलायचा नाही. मला वाटलं, चार पानं चाळली असतील, यांच्यापर्यंत गोष्ट आली नसेल अजून. मी गाडी काढली. त्या नेहमीसारख्या एका बाजूला पाय सोडून बसल्या, पण रोज माझ्या खांद्यावर असतो तो हात त्या दिवशी नव्हता.

गणपती पेठेतलं ग्राहक भांडार जुनं. तिथं माल काढून देणाऱ्या मुली होत्या आणि त्यांना आमची ओळख होती. या वेळी मीही आत गेले. पुस्तकं इथं काउंटरवरच, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांना टेकवून ठेवलेली. सासूबाईंनी वरचं एक उचललं आणि थेट पहिलं पान काढलं. ते वाचलं. मग पुस्तक मिटलं, खाली ठेवलं, त्याच्याखालचं दुसरं काढलं आणि त्याचंही पहिलंच पान उघडलं.

“हे संपदामध्ये आहे तेच पुस्तक काय ग?” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. “का ह्यात काही वेगळं आहे?”

मुलगी हसली. “पुस्तक सगळीकडं एकच असतंय, काकू.”

“तसं नव्हे. नवीन छापलेलं असलं तर बदलत असतील काहीतरी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, आई, ही काय तूरडाळ आहे का, दुकानागणिक बदलायला. त्या पान उलटून पुढं वाचायला लागल्या. एका हातानं काउंटर धरला होता. मागं गिऱ्हाइकं खोळंबली तशी ती मुलगी जरा गोड आवाजात म्हणाली की घ्यायचं असेल तर बिल करते, पाचशेच्या खरेदीवर दोनशे पस्तीसला बसेल, आणि नुसतं वाचायचं असेल तर वाचनालय पलीकडच्या गल्लीत आहे. सासूबाईंनी पुस्तक जागच्या जागी ठेवलं, कडा जुळवून. जाता जाता तूरडाळीचा भाव विचारला, म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत एवढं तरी दिसावं.

बाहेर उन्हं कलली होती. मी म्हटलं, आता घरी जाऊया, आण्णांची जेवायची वेळ होईल. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत ताटं वाढलेली लागतात. अंधार पडल्यावर घास नाही. आजवर सासूबाईंनी एकदाही उशीर केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, अजून वेळ आहे, शंभर फुटी रोडला जाऊ.

वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी पाठीमागून विचारलं, “तुझ्या वेण्या कोण घालायचं ग, लहानपणी?”

“आई घालायची. आणखी कोण?”

“तेच म्हणते,” त्या म्हणाल्या.

मग गाडी चालू असताना, गाड्यांच्या गोंगाटात, त्या आपणहून बोलायला लागल्या. मला अर्धं ऐकू आलं आणि अर्धं मी जुळवून घेतलं. त्रिशलाचे केस दाट होते, म्हणे. कंगवा अडकायचा. खोबरेल चोपडून, पायांत धरून बसवून दोन वेण्या घालाव्या लागायच्या, त्या वर फिरवून लाल रिबिनीनं बांधायच्या, आणि तोवर पोरगी तेराचा पाढा म्हणायची, म्हणजे रडायला तोंड मोकळं राहू नये. हा पाढ्यांचा तोडगा सासूबाईंचाच. आण्णा तेव्हा पहाटे यार्डात जायचे ते दिवेलागणीच्या आधी जेवायला यायचे आणि परत जायचे. मुलगी कितवीत आहे हेसुद्धा त्यांना सांगावं लागायचं. त्यांची चूक नव्हती, हंगामात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, असं सासूबाईंनी वर जोडलं. मी हं हं करत होते. म्हाताऱ्या माणसाला पुस्तकावरून लेक आठवली असेल, आणि लेकीवरून वेण्या, एवढंच मला वाटलं.

शंभर फुटी रोडवरचं सिटी बास्केट तेव्हा नवीनच निघालं होतं. आत थंडगार, फरशी इतकी चकचकीत की सासूबाई चपला काढायला वाकल्या आणि मी त्यांना धरून सरळ केलं. दारातच पुठ्ठ्याची शलाका उभी होती, माणसाएवढी. मोरपंखी साडी, केस मोकळे, हातात पुस्तक आणि ओठांवर ते मालिकेतलं हसू.

सासूबाई तिच्यासमोर थांबल्या. लेकीच्या इतक्या जवळ त्या बारा वर्षांत आल्या नव्हत्या. लोक ढकलगाड्या घेऊन आजूबाजूनं जात होते, एक बाई आपल्या पोराला त्या पुठ्ठ्याशेजारी उभं करून फोटो काढत होती. सासूबाई बाजूला सरकल्या, फोटो होईपर्यंत थांबल्या, आणि परत समोर आल्या.

“वाळलीय,” एवढंच म्हणाल्या.

इथं पुस्तकांना वेगळी मांडणी होती आणि शेजारी फलक: दोनशे वीस रुपये फक्त, सोबत शेवयांचं पाकीट मोफत. मी म्हटलं, घ्या, लेकीबरोबर शेवया फुकट. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. त्या पुस्तक घेऊन कडेच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं चपला घालून बघायला एक बुटकं स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसल्या. मी तोवर गव्हाचं पीठ, जिरं असलं काय काय घेतलं. परत आले तर पुस्तक मांडीवर उघडं आणि सासूबाईंचा चष्मा हातात. डोळ्यांतून धारा लागलेल्या. आवाज नाही, हुंदका नाही.

मी तिथंच, चकचकीत फरशीवर त्यांच्यापुढं बसले.

“काय लिहिलंय एवढं?” मी विचारलं. “वाईट लिहिलंय का तुमच्याबद्दल?”

“मी नाहीच त्यात.”

“म्हणजे?”

“पहिल्या पानावर आई मेलीय. पहिल्या ओळीत. चार वर्षांची असताना मेली म्हणे, ताप येऊन.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “संपदामध्ये वाचलं तेव्हा वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक असेल हे. भांडारात परत बघितलं. दोन बघितली. इथं परत बघितलं. छापलेलं सगळीकडं सारखंच असतंय, हे मला काय कळत नाही? तरी बघितलं.”

कादंबरीत असं करतातच, सगळं खोटं असतं, असलं काहीतरी मी बडबडले.

“खोटं असतं तर बरं होतं ग. सगळं खरं आहे. घर आपलंच आहे. मागचं आवळ्याचं झाड आहे. पाढे म्हणत वेण्या घालायच्या, तेसुद्धा आहे. नुसतं ते मी नाही करत. बाप करतो. तिला जवळ बसवून बाप वेण्या घालतो. तिला गोवर आला तर बाप रात्रभर बसतो. माझं सगळं काढून ह्यांना दिलंय तिनं.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं संपलं. पण खरं पुढंच होतं, आणि ते त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्रिशला गेली त्या वर्षीच्या दिवाळीत घरी फोन आला होता. आण्णा समोर झोपाळ्यावर बसले होते. फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडून “आई” एवढा एकच शब्द आला. आण्णांनी मान वर करून कोण म्हणून विचारलं, आणि सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या, “राँग नंबर.” आणि ठेवून दिला. त्यानंतर फोन कधी आला नाही. ही गोष्ट त्यांनी सन्मतीलासुद्धा सांगितली नव्हती.

“तो फोन आहे ह्यात,” त्या म्हणाल्या. त्यांनी पान काढून माझ्यापुढं धरलं, पण मी वाचायच्या आधी स्वतःच सांगितलं, “ह्यात फोन बाप उचलतो. आणि म्हणतो, बाळा, ये, दार उघडंच आहे.” त्यांनी पुस्तक मिटलं. “बरोबरच केलंय पोरीनं. राँग नंबर म्हणणारी आई ठेवण्यापेक्षा मेलेली बरी. मेलेल्या आईसाठी निदान रडता तरी येतं.”

मी त्यांचा हात धरला. तो हात थंड होता आणि मला इतकं रडू आलं की माझ्यामुळं लोक बघायला लागले. त्यांनीच मला उठवलं. पुस्तक नेऊन राशीवर ठेवलं. मी म्हटलं, घेऊया आई, मी माझ्या पैशानं घेते, पूर्ण वाचा, पुढं काहीतरी असेल. त्यांनी मान हलवली.

“नको. शब्द मोडून घ्यावं असं काही नाही त्यात माझं,” त्या म्हणाल्या. “चल, दिवस बुडेल.”

घरी पोचलो तेव्हा ऊन आवळ्याच्या शेंड्यावर गेलं होतं. आण्णा पाटावर बसून वाट बघत होते. सासूबाईंनी हातपाय धुतले, कालवण गरम केलं, भाकऱ्या थापल्या. मी बघत होते, एक भाकरी वाकडी झाली नाही. आण्णांना त्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डॉक्टर म्हणत होते अजून पिकू द्या. यार्डात जायचे तेही दुसऱ्याचा हात धरून. त्यामुळं ताटात कुठं काय वाढलंय ते सासूबाई हात धरून दाखवायच्या. इथं भाजी, इथं चटणी. तसं त्यांनी दाखवलं.

अर्धी भाकरी झाल्यावर आण्णा म्हणाले, “आज यार्डात चौगुले भेटला.”

सासूबाईंनी त्यांना चटणी वाढली.

“म्हणाला, त्रिशलानं पुस्तक लिहिलंय.”

बारा वर्षांनी त्या घरात ते नाव निघालं होतं, आणि काढलं होतं आण्णांनी. सन्मतीचा घास हातात राहिला. आण्णा ताटाकडे बघत बोलत होते, म्हणजे ताट जिथं असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे. चौगुल्याची सून पुस्तक वाचून रडली, असं ते सांगत होते. बाप असावा तर असा, असं म्हणाली म्हणे. सगळ्या यार्डात बोलबाला झालाय, लोक येऊन हात जोडतायत, मगदूम, तुमचं नाव काढलं पोरीनं. हे सांगताना म्हाताऱ्याच्या आवाजाला कंप सुटला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो येईना. बारा वर्षं हा माणूस बटण फिरवत होता, पण आतून त्याला ते फिरवायचं नव्हतंच, हे मला त्या दिवशी दिसलं.

“मी तिला एवढं बोललो, आणि तिनं असं लिहिलं,” आण्णा म्हणाले. “दिसत असतं तर स्वतः वाचलं असतं. आणा एक. पण उगाच कुठनंतरी उचलू नका. तीन ठिकाणी भाव काढा.”

सासूबाई त्यांच्या ताटात भात वाढत होत्या.

“काढलाय,” त्या म्हणाल्या. “संपदामध्ये दोनशे सत्तर. भांडारात पाचशेच्या खरेदीवर दोनशे पस्तीस. शंभर फुटीवर दोनशे वीस आणि वर शेवया.”

आण्णांचा हात भातावर थांबला. तीनही भाव तोंडपाठ असायला त्या दिवसभर कुठं फिरल्या असतील, ते न दिसणाऱ्या माणसालाही दिसलं असणार. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी बोटांनी भात एका कडेला केला. मग म्हणाले, “स्वस्तातलं आणा,” आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पुस्तक आणलं. शेवयाही आणल्या. ज्या वस्तूसाठी सासूबाईंनी आणखी बारा वर्षं वाट बघितली असती, ती राजरोस, आण्णांच्या हुकमानं, आण्णांच्या पैशानं घरात आली, आणि त्यांनी ती माझ्या हातातून घेतली ती किराणा घ्यावा तशी. मी त्यांना आत बोलावून म्हटलं, आई, तुम्ही नका वाचू, मी वाचून दाखवते आण्णांना, नाहीतर सन्मती दाखवेल. किंवा पहिलं पान सोडून द्या, त्यांना काय कळतंय. त्या म्हणाल्या, लेकीनं लिहिलंय ते सोडायचं कसं. डोळे गेल्यापासून आण्णांना पेपर काय आणि पुराण काय, त्याच वाचून दाखवायच्या. त्यांच्या आवाजाची आण्णांना सवय होती, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर त्यांना डुलकी लागायची.

त्रिशला पुढं घरी आली, आण्णांनी तिला पोटाशी धरलं, सासूबाईंनी तिच्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या. ते सगळं झालं. सासूबाई जाईपर्यंत मायलेकी नीटच बोलत होत्या, औषधपाणी, हवापाणी. त्या फोनबद्दल दोघींपैकी कोणीही कधी काही बोलल्याचं मला माहीत नाही. पण मला सासूबाई आठवतात त्या पुस्तक आणलं त्या संध्याकाळच्या.

जेवणं झाली होती आणि अजून उजेड होता. आण्णा झोपाळ्यावर बसले. पुराण ऐकायला बसताना घालायचे तशी त्यांनी टोपी नीट केली. सासूबाई समोर चटईवर बसल्या, चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. मी दारात उभी होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. तो नेहमीचा सरळ, स्वच्छ, थोडा सुरातला आवाज.

“‘आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते.’”

झोपाळ्याच्या कड्या थांबल्या.

“कोण गेली?” आण्णांनी विचारलं.

“आई.”

“कुणाची?”

“पोरीची. पुस्तकातल्या.”

आण्णांनी मान उचलली. त्यांना काही दिसत नव्हतं, तरी त्यांचे डोळे त्या चटईवर कोणीतरी शोधत होते.

“असं कसं?” ते म्हणाले. “तू तर आहेस की इथं.”

सासूबाईंनी वर बघितलं नाही.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “पुढं ऐका.”

आणि ओळीवरचं बोट पुढं सरकवून त्या वाचत राहिल्या.